कोंबडीचं ‘संमोहन’: रेघ ओढण्याआधी आणि ओढल्यानंतर

कोंबडीला जमिनीवर धरून चोचीसमोर रेघ ओढली की ती निपचित पडून राहते, या युक्तीला लोक कोंबडीचं ‘संमोहन’ म्हणतात. पण कोंबडीची मान जमिनीला टेकवली, चोचीसमोर खडूनं लांब रेघ ओढली, तरी ती फडफडून उठली आणि पळाली. हे गाऱ्हाणं मी पुन्हा पुन्हा ऐकतो. दुसरं गाऱ्हाणं जास्त काळजीचं असतं: कोंबडी पडून राहिली खरी, पण चोच उघडून धापा टाकायला लागली, किंवा उठल्यावर दिवसभर पिसं फुलवून कोपऱ्यात बसली. दोन्हींचं मूळ एकच आहे. माणसं सगळं लक्ष रेघेकडे देतात आणि हात कसाही ठेवतात. खरं काम हातच करतो.

खालचा क्रम मी बऱ्याच चुकांनंतर पक्का केला आहे. पायऱ्या गाळू नका आणि उलटसुलट करू नका.

## सुरुवातीआधी: नेमकं काय होतं

कोंबडी झोपत नाही, गुंगत नाही आणि तुमच्या आज्ञेतही येत नाही. आपण कुणाच्या तरी तावडीत सापडलो असं तिला वाटतं. सुटायची धडपड फुकट गेली की तिचं अंग ताठरतं आणि हालचाल थांबते. शास्त्रज्ञ याला ‘टॉनिक इमोबिलिटी’ म्हणतात. इथे मी सोप्यात ‘निश्चलता’ म्हणेन. भक्ष्य धडपडत राहिलं की शिकारी जनावर पकड आणखी आवळतं, निपचित पडलं की पकड सैल होते. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोल्ह्यांनी धरलेल्या ५० बदकांचं निरीक्षण केलं होतं. जवळजवळ सगळी धरताक्षणी निपचित पडली, आणि त्यांतली २९ पहिल्या झडपेतून जिवंत राहिली.

म्हणजे निश्चल कोंबडी जागी असते. तिला ऐकू येतं, दिसतं. आणि ती जितका जास्त वेळ पडून राहते, तितकी ती जास्त घाबरलेली असते. कोंबड्यांच्या अभ्यासात ही चाचणी भीती मोजायलाच वापरतात. म्हणून ‘माझी पाच मिनिटं हलली नाही’ यात मिरवण्यासारखं काही नाही. रोज हाताळलेली, माणसाळलेली कोंबडी थोड्याच सेकंदांत उठून बसते, आणि ते चांगलंच आहे.

## टप्पा १: कोणती कोंबडी घ्यायची

पूर्ण वाढ झालेली, हलक्या बांध्याची, निरोगी आणि तुमच्या हाताची सवय असलेली कोंबडी घ्या. कोंबडाही चालतो, फक्त त्याच्या पायाच्या काट्यांपासून जपा.

या कोंबड्या घेऊ नका:

- मांसासाठी वाढवलेल्या, भरल्या छातीच्या जड जाती
- पिल्लं आणि कोवळ्या तलंगा (अजून अंडी द्यायला न लागलेल्या कोंबड्या)
- खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी
- पिसं झडून नवी येत असलेली. नव्या पिसांच्या कोंबांत रक्त असतं आणि दाबलं की दुखतं
- शिंकणारी, घरघरणारी, लंगडणारी किंवा गेल्या काही दिवसांत नवीनच आणलेली

यातला पहिला मुद्दा लोक सर्रास विसरतात, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या छाती आणि पोटाच्या मध्ये जो स्नायूंचा पडदा असतो, तसा कोंबडीला नसतो. ती श्वास घेते तेव्हा छातीचं मधलं हाड खाली आणि पुढे सरकतं, बरगड्या पसरतात आणि अंगभर असलेल्या हवेच्या पिशव्या भरतात. ते हाड हललं नाही तर श्वासच नाही. जड कोंबडी उताणी केली की छातीचं मांस आणि आतडी या पिशव्यांवर येतात आणि ती गुदमरते. वरून तुमच्या हाताचा दाब आला तर काही क्षणांचाच खेळ उरतो. माझ्या मते जड कोंबडीवर हा प्रयोग कुणीच करू नये, कितीही काळजी घेतली तरी.

## टप्पा २: वेळ ठरवा

दोन पिशव्या लक्षात ठेवायच्या: दाण्याची आणि अंड्याची.

कोंबडीनं गिळलेला दाणा आधी मानेच्या बुडाशी, किंचित उजवीकडे असलेल्या पिशवीत साठतो. ती भरलेली असताना कोंबडी आडवी केली तर आतलं पाणी आणि दाणे उलटून घशात येतात, आणि तिथून श्वासनलिकेत जाऊ शकतात. माझ्या पहिल्याच प्रयत्नात हे झालं. दुपारचं खाणं होऊन अर्धा तासही झाला नव्हता. कोंबडी उताणी केल्याबरोबर चोचीच्या कोपऱ्यातून आंबूस वासाचं पाणी ओघळलं, ती मान झटकायला लागली. मी लगेच तिला उभी केली म्हणून निभावलं. तेव्हापासून पिशवी चाचपल्याशिवाय मी कोंबडी आडवी करत नाही.

रात्रभरात ही पिशवी रिकामी होते, म्हणून पहाट सोयीची वाटते. पण अंड्यावरच्या, म्हणजे सध्या अंडी देत असलेल्या, कोंबडीच्या पोटात पहाटे कवच धरलेलं अंडं असण्याची शक्यता मोठी असते. ते आत फुटलं तर जिवावर बेततं. शिवाय अशा वेळी घाबरलेली कोंबडी अंडं धरून ठेवते आणि कवचाचा पोत बिघडतो.

मग करायचं काय? अंड्यावर नसलेली कोंबडी किंवा कोंबडा असेल तर पहाटे, दाणे टाकण्यापूर्वी. अंड्यावरची असेल तर तिला आधी अंडं घालू द्या, मग सुमारे तीन तास दाणे दूर ठेवा. पाणी तोडू नका. त्यानंतर पिशवी चाचपा: बोटांना मऊ आणि रिकामी लागली पाहिजे.

थांबा: रात्र उलटूनही पिशवी कडक किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागत असेल तर ती कोंबडी आजारी आहे. प्रयोग सोडा, पशुवैद्याला दाखवा.

उन्हाची वेळ टाळा. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापेनंच अंग थंड करते. तिचं अंग एरवीच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, त्यात भीतीची भर नको.

## टप्पा ३: जागा मांडा

सपाट, सावलीची, घसरडी नसलेली जागा. फरशीवर दुमडलेलं गोणपाट किंवा जुना टॉवेल टाका. कुत्रं-मांजर आत येणार नाही अशी सोय करा. सेकंदकाटा दिसेल असं घड्याळ आधीच समोर ठेवा. एका हातात कोंबडी असताना फोन शोधायला लागलात की सगळं बिघडतं.

बाकीच्या कोंबड्यांच्या नजरेआड जा. कळपात जी पडली तिला इतर टोचतात, आणि पहिली चोच बरेचदा तुऱ्यावर किंवा डोळ्यावर पडते.

बघायला माणसं असतील तर दोन-तीनच, आणि बसलेली. पाच वर्षांखालच्या मुलांना कोंबडी हाताळू देऊ नका. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. आसपास पक्षी मरत असल्याची बातमी असेल तर हा विषयच बाजूला ठेवा.

## टप्पा ४: उचला, पाठलाग न करता

अर्ध्याअधिक चुका इथेच होतात. अंगणभर पळवून पकडलेली कोंबडी हातात येते तेव्हा आधीच धापा टाकत असते. ती लवकर निश्चल होते हे खरं, पण भेदरून, आणि श्वास अपुरा पडत असताना. पहाटे अंधुक उजेडात दांडीवरूनच उचलणं सगळ्यात सोपं. दिवसा असेल तर तिला कोपऱ्यात हळूहळू वळवा.

दोन्ही तळवे दोन्ही पंखांवर ठेवून पंख अंगाशी मिटवा. मग एक हात छातीखाली सरकवा आणि दोन्ही पाय बोटांमध्ये धरा, मधे एक बोट ठेवून, म्हणजे नडग्या एकमेकींवर घासत नाहीत. तिचं वजन तुमच्या पंज्यावर आणि मनगटावर विसावलं पाहिजे. पाय धरून उलटी लटकवू नका.

आता अशीच छातीशी धरून एक मिनिट उभे राहा.

तपासा:

- चोच मिटलेली आहे का?
- तुरा नेहमीच्या रंगाचा आहे का?
- श्वास मोजता येतोय का? शांत कोंबडी मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेते. हातात घेतल्यावर थोडे वाढतात, पण शेपटी प्रत्येक श्वासाला खालीवर होत असेल तर ती दमलेली आहे.

यातलं एकही बिनसलेलं दिसलं तर खाली ठेवा, आजचा दिवस सोडून द्या.

## टप्पा ५: कुशीवर टेकवा

बहुतेक जण उताणी करतात, कारण उताणी कोंबडी लवकर निश्चल होते. अभ्यासकही तसंच करतात, पण ते कोंबडीच्या दोन्ही बाजूंना आधार देणारी इंग्रजी ‘यू’च्या आकाराची खाच वापरतात. तशी सोय नसताना कूसच बरी. छातीचं हाड मोकळं राहतं, पोटावर भार येत नाही आणि उठायचं झालं की तिला स्वतःहून सहज उठता येतं.

गुडघ्यावर बसा. कोंबडीला गोणपाटाच्या अगदी जवळ न्या आणि मग हळू पण न थबकता आडवी करा. अर्ध्यावर हात थांबला तर तिला निसटायची जागा मिळते आणि ती पंख झाडते. खालचा पंख अंगाखाली नीट मिटलेला आहे ना, हे बोटानं चाचपून घ्या. दुमडून अडकलेला पंख इथे सगळ्यात जास्त दुखावतो, आणि ती निश्चल असल्यामुळे कण्हतसुद्धा नाही.

## टप्पा ६: पंधरा सेकंद

एक तळवा वरच्या पंखावर आडवा. दुसऱ्या हाताची दोन बोटं डोक्याच्या मागे, मानेच्या सुरुवातीला, नुसती टेकलेली. हात जड ठेवायचा नाही. तिनं धडपड केली तरच अडवेल इतपत ठेवायचा. मी स्वतःला एक खूण लावून घेतली आहे: पंखावरच्या तळव्याला तिचा श्वास वरखाली होताना जाणवला पाहिजे. जाणवत नसेल तर हात जास्त दाबला जातोय.

या चुका टाळा: मान किंवा गळा जमिनीवर दाबणं. छातीवर तळवा रोवणं. पोटावर कोपर किंवा मनगट टेकणं.

आता घड्याळात १५ सेकंद. पहिल्या चार-पाच सेकंदांत ती एकदोनदा पाय झाडेल. तेव्हा दाब वाढवू नका, फक्त हात हलू देऊ नका. मग पायांतला ताण बदलतो. आधी ते मागे रेटत असतात, नंतर आहे तसे थांबतात. कधी एखादा पंजा अर्धवट मिटलेला, हवेतच राहतो. हा बदल बोटांना कळला की समजायचं, झालं.

तिच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. समोर रोखून पाहणारे डोळे असले, मग ते माणसाचे असोत की कृत्रिम, की भीती वाढते आणि निश्चलता लांबते हे प्रयोगांत दिसलं आहे. तिच्या पाठीकडे किंवा घड्याळाकडे पाहा. थोपटणं, कुजबुजणं यांची गरज नाही.

## टप्पा ७: रेघ (हवी असेल तर)

रेघ ओढली नाही तरी कोंबडी निश्चल होते. आधी रेघेविनाच करून पाहा, म्हणजे मनातली शंका जाईल. चोचीसमोर बोट मागे-पुढे फिरवणं, छातीवरून बोट फिरवणं, डोकं पंखाखाली खोचून झुलवणं, या सगळ्या पद्धतींत एकच गोष्ट समान आहे: कोंबडी धरून ठेवलेली असते. पंखाखाली डोकं खोचण्याची पद्धत मात्र करू नका. नवख्या हातांनी मान पिरगळली जाण्याचा धोका असतो.

तरी रेघ ओढायचीच असेल तर आधी चोचीसमोर एक फळी ठेवून द्या. पंधरा सेकंद झाल्यावर, तुमचे दोन्ही हात आहेत तिथेच ठेवून, दुसऱ्या माणसाकडून खडूनं चोचीपासून दूर जाणारी हातभर रेघ सावकाश ओढून घ्या. एकट्यानं दोन्ही करायला गेलात की हात हलतो आणि कोंबडी उठते. ‘रेघ ओढली तरी उठली’ याचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं.

## टप्पा ८: हात काढा

आधी मानेमागची बोटं उचला. मग पंखावरचा तळवा, बोटांच्या टोकांकडून मनगटाकडे, सावकाश. हात सरळ मागे घ्या, तिच्या डोळ्यांवरून फिरवू नका. वरून सरकणारी सावली म्हणजे तिच्यासाठी घार. एक पाऊल मागे सरका, बाजूला बसा. वेळ इथून मोजायची.

दहा सेकंदांच्या आत उठली तर प्रयत्न फसला असं धरतात. एक-दोन मिनिटं जाऊ देऊन पुन्हा करता येतं, पण एका दिवसात एका कोंबडीवर तीनपेक्षा जास्त प्रयत्न नकोत.

## टप्पा ९: बघत राहा

हा सगळ्यात बघण्यासारखा भाग, आणि लोक नेमके याच वेळी फोटोच्या नादात असतात.

जवळून पाहिलं तर ती पूर्ण थांबलेली नसते. डोळ्यावरून आतला पातळ पडदा मधूनच सर्रकन जातो. कधी पापणी मिटते आणि पुन्हा उघडते. पायाच्या बोटांना बारीक थरथर सुटते. एखादी शीट पडते. बाहेर काही वाजलं की डोकं हलत नाही, पण डोळ्याची बाहुली लहानमोठी होते. उठण्याच्या जरा आधी ती मान उचलते, इकडे-तिकडे दोन-तीनदा झटक्यानं वळवते, कधी हलका आवाज काढते. मग पाय अंगाखाली येतात.

घरी करताना मी दोन मिनिटांची मर्यादा पाळतो. अभ्यासकांच्या चाचण्या पाच-दहा मिनिटांपर्यंत चालतात, पण तिथे मोजण्यासारखं काहीतरी असतं. आपल्याला दोन मिनिटांत जे दिसायचं ते दिसतं.

यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब उठवा:

- चोच उघडून श्वास
- तुरा निळसर किंवा जांभळट पडणं
- चोचीतून पाणी
- श्वासाची हालचाल दिसेनाशी होणं
- मान लुळी पडणं. निश्चल कोंबडीचं अंग ताठर असतं, ढिलं नसतं

## टप्पा १०: उठवा आणि सोडा

टाळ्या वाजवू नका, ढोसू नका, पाणी मारू नका. दोन्ही तळवे पंखांवर ठेवून तिला पोटावर आणा, पाय अंगाखाली आले की दोन क्षण तसाच आधार द्या, मग हात काढा. बहुतेक कोंबड्या काही सेकंद तशाच बसतात, उभ्या राहतात आणि सगळं अंग झाडून पिसं जागेवर आणतात. हे अंग झाडणं दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो.

आधी पाणी पुढे ठेवा, पाच-दहा मिनिटांनी दाणे. दोन्ही पंख सारखे मिटलेत ना, चालताना पाय बरोबर पडतोय ना, ते पाहा. मगच कळपात सोडा. अर्ध्या तासानंतरही पिसं फुलवून, डोळे मिटून बसली असेल तर पशुवैद्याला विचारा. तुम्ही आणि बघणाऱ्या सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे, गोणपाटही धुऊन वाळवायचं.

## जमतच नसेल तर

बहुतेक वेळा हात घाईनं काढलेला असतो, किंवा पंधरा सेकंदांत एकदोनदा सैल झालेला असतो. घड्याळाशिवाय मोजलेले पंधरा सेकंद प्रत्यक्षात सात-आठच भरतात, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. तेही नीट होऊन कोंबडी उठत असेल तर ती तुम्हाला फारशी घाबरत नाही. जातीनुसार, कोंबडीगणिक आणि हाताळण्याच्या सवयीनुसार फरक पडतो. अशा वेळी जोर वाढवणं, उताणी करणं किंवा आवाज करून घाबरवणं हे उपाय नव्हेत.

## या कामांसाठी ही युक्ती वापरू नका

नखं कापायची आहेत, पायाचे खवले पाहायचे आहेत, पिसांतल्या उवा शोधायच्या आहेत, तर ‘आधी संमोहित करा’ असा सल्ला दिला जातो. निश्चलता कधी तुटेल ते सांगता येत नाही. मधेच ती उसळून उठते आणि नखाच्या शिरेला कात्री लागते. शिवाय ती शांत नसते, भेदरलेली असते. तिच्या दृष्टीनं ते नख कापणंही शिकाऱ्याच्या तावडीतच चाललेलं असतं. या कामांसाठी टॉवेलमध्ये पंखांसकट सैल गुंडाळा, डोक्यावर टॉवेलचं टोक घेऊन अंधार करा, चोच मोकळी ठेवा आणि एक पाय बाहेर काढा. एकानं धरायचं, एकानं कापायचं.

## वही ठेवलीत तर

हा प्रयोग खरा उपयोगी पडतो तो तुमच्या कोंबड्या तुम्हाला किती बिचकतात हे कळायला. वहीत तारीख, कोंबडीची खूण, कितव्या प्रयत्नात निश्चल झाली आणि किती सेकंदांनी उठली एवढंच लिहा. एका कोंबडीच्या दोन नोंदींत महिनाभराचं तरी अंतर ठेवा, आणि मधल्या दिवसांत रोज थोडा वेळ हातावर दाणे देऊन हळू हाताळा.

माझ्या वहीत एका करड्या कोंबडीची पहिली नोंद ९५ सेकंदांची आहे. पुढच्या महिन्याची ४०, त्यापुढची १२. शेवटच्या ओळीत लिहिलंय: तीन प्रयत्न, तिन्ही वेळा लगेच उठली, अंग झाडून माझ्याच पायाशी दाणे शोधायला लागली. त्यानंतर तिला मी पुन्हा टेकवली नाही.